वाचकांचे प्रश्न : सारौत्सच्या लाटा आणि मुंबईचं घड्याळ

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बास्क प्रदेशात सारौत्स नावाचं गाव आहे. तिथला किनारा सुमारे अडीच किलोमीटर लांब आणि सर्फिंगसाठी प्रसिद्ध. सुट्टीत तिकडे जाऊ पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांना ही उत्तरं.

*वय ४२. तलावात सलग २०० मीटर पोहते, समुद्रात कधी पोहलेले नाही. जुलैमध्ये सारौत्सला सर्फिंग शिकता येईल का? की मुंडाकाला जावं? त्याचं नाव जास्त ऐकलं आहे. — एक वाचक, दादर*

मुंडाका विसरा. तिथे नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावर डावीकडे फुटणारी वेगवान, पोकळ लाट येते. ती मुरलेल्यांची लाट आहे. सारौत्सचा तळ बहुतेक ठिकाणी वाळूचा आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये लाटा सहसा लहान असतात, म्हणजे शिकाऊंना हव्या तशा. मोठ्या लाटा सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतात. वयाची अडचण नाही. पोहणंही पुरेसं आहे, फक्त पहिले दिवस कमरेएवढ्या पाण्यातच राहा.

बोर्ड आठ फुटी आणि फोमचा मागा. दुकानात देखणा, लहान, कडक बोर्ड दिसेल. त्याला भुललात तर तीन दिवस नुसते पडाल. फेसाळ लाट दोन-तीन मीटरवर आली की हात मारायला लागा. लाटेने बोर्ड ढकलला की तळवे बरगड्यांशेजारी टेकवा (कडा पकडू नका) आणि उठा. नजर किनाऱ्याकडे हवी, पायाकडे पाहिलंत की तोल गेलाच. बोर्डाचं नाक पाण्यात घुसत असेल तर तुम्ही फार पुढे झोपला आहात. लाट खालून निघून जात असेल तर फार मागे. नाक पाण्यापासून चार बोटं वर राहील ती तुमची जागा. तिथे बोर्डावर मार्करने खूण करायला प्रशिक्षकाला सांगा. पडताना डोक्यावर नको, आडवं पडा आणि वर येताना डोक्याभोवती हात ठेवा, कारण लीशने (दोरीने) घोट्याला बांधलेला बोर्ड उसळून परत येतो.

आणि एक. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधे गडद, शांत पट्टा दिसतोय, तर ती सोपी वाट समजू नका. तिथूनच पाणी समुद्राकडे ओढ घेतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. बोर्ड धरून ठेवा, किनाऱ्याला समांतर सरका, हात वर करा. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही.

*वर्सोव्याचा आहे, उधाण-भांगाचं (मोठ्या आणि लहान भरतीचं) गणित अंगवळणी पडलेलं. तिथे तेच चालेल का? — एक वाचक, वर्सोवा*

गणित तेच, घड्याळ उलटं. तिथेही दिवसातून दोनदा भरती, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, आणि उधाणाला पाण्याची चढउतार चार मीटरच्या वर, म्हणजे जवळपास आपल्याएवढीच. पण मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास येते. बास्क किनाऱ्यावर उन्हाळ्यात त्याच दिवसांत दुपारी बाराच्या आसपास ओहोटी असते, भरती पहाटे आणि संध्याकाळी. ‘पौर्णिमा आहे, दुपारी पाणी वर असेल’ असं सवयीने ठरवलंत तर वेळ चुकलीच.

तिथल्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात वेळेबरोबर एक गुणांकही छापतात, २० ते १२० मधला. ७० म्हणजे मध्यम, ९५ च्या पुढे उधाण. उधाणाच्या ऐन भरतीला गावाच्या बाजूचा वाळूचा पट्टा अरुंद होतो. लाट काठाजवळच फुटते, परत फिरणारं पाणी पुढच्या लाटेला आडवं येतं आणि शिकाऊंचे हाल होतात. उधाणात दुपारी तीनच्या सुमारास, भरती अर्ध्यावर असताना उतरा. वाराही पाहा. हा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, म्हणून दक्षिणेचा वारा जमिनीवरून येऊन लाट नीट उभी ठेवतो. वायव्येचा वारा ती विस्कटतो.

*वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) लागतोच का? इथूनच घेऊन जावा? — एक वाचक, ठाणे*

लागतो. ऑगस्टमध्ये तिथलं पाणी २१-२२ अंशांपर्यंत जातं, हिवाळ्यात १२-१३. आपल्याकडच्या २८-२९ अंशांच्या समुद्राची सवय असलेला माणूस २० अंशांतही अर्ध्या तासात कुडकुडतो. उन्हाळ्यात ३/२ चालतो, म्हणजे धडाला ३ मिलिमीटर, हातपायांना २. हिवाळ्यात किमान ४/३. तिथेच भाड्याने घ्या. इथून आणलेला ‘थोडा सैल’ सूट कामाचा नाही. आत पाणी खेळलं की ऊब जाते, म्हणून पाठीच्या खोलगट भागात आणि काखेत सुरकुती नको.

घालताना पायावर प्लास्टिकची पिशवी चढवा, पाय सरकन जातो. गुडघे आणि जांघेपर्यंतचा भाग नीट वर ओढल्याशिवाय हात घालू नका, नाहीतर खांदे अडकतात. नखांनी ओढलंत तर रबर फाटतं, बोटांच्या पेरांनी ओढा. बऱ्याच सूटची चेन पाठीवर येते, काहींची छातीवर असते. पाठीची चेन पुढे आली, तर सूट उलटा घातलाय.

*मुंबईहून जायचं कसं? — एक वाचक, बोरिवली*

थेट विमान नाही. युरोपात एकदा बदलून बिल्बाओ गाठा. तिथून सारौत्सपर्यंत नकाशावर युस्कोट्रेन या स्थानिक रेल्वेची रेघ सरळ दिसते, पण ती अरुंद मापाची, वळणावळणाची गाडी दोन तासांच्या आसपास घेते. बिल्बाओ विमानतळावरून सान सेबास्तियानची थेट बस सव्वा तासात पोचवते. पुढे आमारा स्थानकातून युस्कोट्रेन पकडा. लांबच्या रेल्वेचं स्थानक वेगळं आहे, तिथे जाऊन उभे राहू नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे. त्यात सर्फिंग वगळलेलं नाही ना, ते बारीक अक्षरांत वाचा.

*आम्ही शाकाहारी आहोत. — एक वाचक, विलेपार्ले*

नुसतं ‘वेजेतारियानो’ म्हणून भागत नाही, कधीकधी त्यात ट्यूना मासा निघतो. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ म्हणजे मांस, हॅम, मासे नकोत असं सांगा. तळलेल्या हिरव्या मिरच्या मागवा, बहुतेक तिखट नसतात. तोर्तियात (बटाट्याच्या जाड ऑम्लेटमध्ये) अंडं असतंच. मेंढीच्या दुधाचं इदियासाबाल चीज चविष्ट आहे, पण पारंपरिक पद्धतीत त्याचं दूध प्राण्याच्या जठरातून काढलेल्या रेनेटने गोठवतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. जेवण दुपारी दीड ते साडेतीन आणि रात्री साडेआठनंतर. मधल्या वेळेसाठी थेपले बॅगेत हवेत.