शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दिसलं, मग अण्णांना का नाही?

दादा, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला तरी धूसर दिसतंय, शेजारच्या काकांना दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसलं, डॉक्टर बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. वर सोयाबीनची रास तोंडावर आलीय आणि अण्णांचा पाय घरात ठरत नाही.

मी डॉक्टर नाही. सासूबाईंचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या वर्षी झाले, थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. त्यांचा पहिला डोळा बरेच दिवस धूसर होता, दुसरा लगेच मोकळा झाला. डॉक्टर तेच, दवाखाना तोच. फरक एवढाच की पहिला मोतीबिंदू त्यांनी "पिकू दे, घाई काय" म्हणत ठेवला होता. पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, तो फोडायला फेको मशीनचा, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडणाऱ्या यंत्राचा, जोर जास्त लागतो, मग बुबुळाला सूज येते. ती उतरेपर्यंत धुकं राहतंच. शिवाय फेकोची चीर 2-3 मिमीची असते. शिबिरात बहुतेकदा होतं त्या, मशीनऐवजी हाताने मोतीबिंदू काढायच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनची साधारण 6 मिमीची. नजर स्थिरावायला तिथे वेळ जास्त लागतो. अण्णांचं कोणतं झालं ते डिस्चार्ज कार्डावर बघा.

रोज सकाळी दुसरा डोळा झाकून, एकाच जागेवरून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा. थोडं थोडं सुधारत असेल तर डॉक्टर बदलू नका. पण सुधारलेलं पुन्हा बिघडलं, ठणका लागला, लाली वाढली, चिपडं येऊ लागली, विजा चमकल्यासारखं किंवा पडदा आल्यासारखं दिसलं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी गाडी काढा, रात्र असली तरी. शुगर असेल तर महिन्या-दीड महिन्याने डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याला सूज येऊन दिसणं परत कमी होऊ शकतं, तेव्हा "आता झालं बरं" म्हणून पुढची तपासणी चुकवू नका.

आता थेंब. आमच्याकडे खरी कटकट याचीच. हात साबणाने धुवा, अण्णांना बाजेवर उताणं झोपवा, खालची पापणी बोटाने जराशी ओढा आणि त्या खोबणीत एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, नाहीतर औषध घशात उतरतं. सासूबाई "कडूजहर लागतंय गं" म्हणून तोंड वाकडं करायच्या. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. पांढुरकं औषध तळाला बसतं, ते आधी हलवून घ्या. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टर हळूहळू कमी करतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद केले तर सूज उलटते. माणसं नेमकं इथेच चुकतात.

आणि रास? मळणीयंत्रापाशी उडणारा भुसा चांगल्या डोळ्यालाही सोसत नाही. पोती उचलणं, वाकून काम करणं, डोक्यावरून अंघोळ हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. चुलीच्या धुरापासूनही लांब बसवा. अण्णा ऐकणार नाहीत, हे मला घरच्या अनुभवावरून माहीत आहे. त्यांना घरी बसून मापाचा हिशोब ठेवायला सांगा, फोनवर पोती मोजू द्या. झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची जाळी लावा, झोपेत हात डोळ्याकडे जातोच.

चष्म्याची घाई नको. नंबर साधारण महिन्याने काढतात, त्याआधी बाजारातला तयार चष्मा घेतलात तर पैसे वाया जातील. डोळ्यात बसवलेल्या लेन्सचं कार्ड मात्र फाइलमध्ये नीट ठेवा, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर मागतील.