प्रश्न तुमचे: इस्पितळ व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण

आरोग्यसेवा आणि समाजसेवा संस्थांचे व्यवस्थापन या विषयावर बरीच पत्रे आली. एकसारख्या शंका एकत्र करून त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: बीएएमएस झाले, इंटर्नशिपचे चार महिने उरले आहेत. दवाखाना घालण्याऐवजी इस्पितळ व्यवस्थापनाकडे वळायचे मनात आहे. एमबीए, एमएचए, एमपीएच आणि एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन यांत नेमका फरक काय? गोव्यात राहून काही करता येईल का?
— एक वाचक, शिरोडा

उत्तर: यादीतले शेवटचे नाव आधी खोडून टाका. एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त एमबीबीएस डॉक्टरांसाठी आहे. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस झालेल्यांना तो खुला नाही. उरलेले तिन्ही तुम्हाला खुले आहेत, पण तिघांच्या वाटा वेगळ्या गावांना जातात.

एमएचए (मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन) म्हणजे इस्पितळाच्या चार भिंतींच्या आतले काम. ओपीडीतली गर्दी, शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक, साहित्यभांडार, बिलिंग, कचऱ्याची विल्हेवाट, परवाने. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत हा अभ्यासक्रम आहे. तिथला प्रवेश २०२३ पासून सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो आणि पुढे संस्थेची स्वतःची निवडफेरी असते.

एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. त्यात साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्य योजनांचे नियोजन आणि मूल्यमापन येते. सरकारी आरोग्य कार्यक्रम, स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प यांत काम करायचे असेल तर हे घ्या. एखाद्या खासगी इस्पितळाचा मजला सांभाळायला त्याचा थेट उपयोग थोडाच.

एमबीए किंवा पीजीडीएम (पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा इन मॅनेजमेंट) यांची व्याप्ती सर्वांत मोठी, आणि फसगतही इथेच सर्वांत जास्त होते. गोव्यात साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये हेल्थकेअर मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा निवासी पीजीडीएम आहे. तिथे कॅट, झॅट यांसारख्या परीक्षांचे गुण लागतात. पुण्याच्या सिंबायोसिसला स्नॅप ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जयपूरची आयआयएचएमआर १९८४ पासून याच विषयाला वाहिलेली संस्था आहे. पीजीडीएम ही विद्यापीठाची पदवी नसते, पदविका असते. पुढे पीएचडी करायची किंवा सरकारी पदासाठी अर्ज करायचा तर भारतीय विद्यापीठ संघाने त्या पीजीडीएमला एमबीएची समकक्षता दिली आहे का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

संस्थेला आणखी एक गोष्ट विचारा: मागच्या तुकडीतील प्रत्येकाला कोणत्या पदावर नोकरी मिळाली, त्याची यादी. ‘सर्वाधिक पगार’ हा आकडा एकाच विद्यार्थ्याचा असतो, तुमच्या कामाचा नाही. यादीत औषध कंपन्यांची विक्री, विमा आणि सॉफ्टवेअर यांतलीच पदे भरलेली असतील आणि ‘ऑपरेशन्स’ (इस्पितळाचे रोजचे कामकाज) किंवा ‘क्वालिटी’ (सेवेचा दर्जा) ही पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, तर तो अभ्यासक्रम चांगला असूनही तुमच्या कामाचा नसेल.

वेळेचा हिशेब आजच मांडा. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, पण अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच भरावा लागतो. झॅट जानेवारीच्या पहिल्या रविवारी, सीयूईटी-पीजी मार्चच्या सुमारास. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र हातात नसल्याने मिळालेली जागा सोडावी लागते, असे आयुर्वेद आणि दंतवैद्यकाच्या मुलांच्या बाबतीत वारंवार घडते. अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाकडून इंटर्नशिप संपण्याची नेमकी तारीख लिहून घ्या आणि ती संस्थेच्या कागदपत्रांच्या शेवटच्या तारखेशी ताडून पाहा.

प्रश्न: एमबीए हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या सत्रात आहे. ६० खाटांच्या खासगी इस्पितळात दोन महिन्यांचा प्रकल्प मिळाला आहे. जून महिन्यात ४०४ रुग्णांना डिस्चार्ज मिळाला, रुग्णदिवस (प्रत्येक रुग्णाने खाटेवर काढलेल्या दिवसांची बेरीज) २०१६ आले आणि खाटांचा वापर ११२ टक्के निघाला. पण वॉर्डात रोज रिकाम्या खाटा दिसतात. मार्गदर्शक म्हणतात, डिस्चार्जला होणारा उशीरही मोजा. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर: रिकाम्या खाटा तुमच्या नजरेला पडल्या, हे फार चांगले झाले. कित्येक अहवालांत असे आकडे तसेच छापले जातात. जमिनीवर गाद्या टाकून रुग्ण ठेवावे लागतात अशा सरकारी इस्पितळात शंभराच्या वरचा आकडा खरा असू शकतो. तुमच्याकडे तसे दिसत नाही, म्हणजे मोजणीत चूक आहे.

पहिला संशय दाखल झाल्याचा आणि घरी गेल्याचा, असे दोन्ही दिवस धरल्याचा. तीन तारखेला दाखल झालेला आणि सहाला घरी गेलेला रुग्ण तीन रुग्णदिवसांचा असतो, चारचा नाही. म्हणूनच मोजणी मध्यरात्री बारा वाजता करायची. त्या क्षणी खाटेवर जो आहे, तोच त्या दिवसाचा. तुमच्या आकड्यांवर हे लावून पाहू. ६० खाटा गुणिले ३० दिवस म्हणजे १८०० खाटादिवस. २०१६ मधून प्रत्येक रुग्णामागे एक जादा दिवस, म्हणजे ४०४ वजा केले की १६१२ उरतात. १६१२ भागिले १८०० म्हणजे सुमारे ९० टक्के. सरासरी मुक्काम १६१२ भागिले ४०४, म्हणजे जवळजवळ चार दिवस. मुक्काम जितका कमी तितकी ही चूक आकडा जास्त फुगवते: चार दिवसांच्या मुक्कामात पंचवीस टक्क्यांनी, दोन दिवसांच्या मुक्कामात थेट पन्नास टक्क्यांनी.

ही दुरुस्ती करूनही रिकाम्या खाटांचे कोडे सुटले नाही, तर आणखी तीन ठिकाणी पाहा. डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदू असे दिवसभरात घरी जाणारे रुग्ण आंतररुग्णांत मिसळले आहेत का? आयसीयूतून वॉर्डात हलवलेला रुग्ण त्या दिवशी दोन्हीकडे मोजला गेला आहे का? आईशेजारी पाळण्यात असलेले निरोगी बाळ वेगळा रुग्ण म्हणून धरले आहे का? हे तिन्ही भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे रुग्णदिवस, वाढवतात. प्रसूती टेबल, रिकव्हरी आणि कॅज्युअल्टीतल्या निरीक्षण खाटा साधारणपणे ६० च्या मोजणीत नसतात. मग त्यांवरचे रुग्णही वरच्या आकड्यात येता कामा नयेत.

दुरुस्त आकड्यांतून अजून एक गोष्ट निघते. १८०० वजा १६१२, म्हणजे १८८ खाटादिवस रिकामे गेले. त्यांना ४०४ ने भागले की ०.४७ दिवस, म्हणजे साधारण अकरा तास. एक रुग्ण गेल्यावर दुसरा येईपर्यंत खाट सरासरी इतका वेळ रिकामी राहते. डिस्चार्जचा उशीर मात्र या अकरा तासांत मोडत नाही. त्या वेळात रुग्ण अजून खाटेवरच असतो, म्हणून तो वेळ मुक्कामात जाऊन बसतो. दोन्ही गोष्टी स्वतंत्र मोजा आणि अहवालात एकत्र करू नका.

उशीर मोजताना प्रत्येक रुग्णाच्या आठ टप्प्यांची वेळ टिपायची: डॉक्टरांनी केस पेपरवर डिस्चार्ज लिहिला, समरी (उपचारांचा सारांश) टाइप झाली, उरलेली औषधे फार्मसीत परत गेली, अंतिम बिल निघाले, विमा किंवा योजनेकडे मंजुरीसाठी कागद गेले, मंजुरी आली, रुग्ण खाटेवरून उठला, खाट साफ होऊन पुढच्यासाठी तयार झाली. नर्सिंग स्टेशनवरच्या रजिस्टरवरून या वेळा उतरवून घेऊ नका. सिस्टर पाळी संपताना एकदम नोंदी करतात, म्हणून सगळ्या वेळा ११.००, ११.३० अशा गोल येतात. स्वतः वॉर्डात उभे राहा. निवडक रुग्ण घेण्यापेक्षा सलग दोन आठवड्यांतले सगळे डिस्चार्ज घ्या. तुमच्या इस्पितळात ते सुमारे १९० भरतील आणि त्यांत रविवार-सोमवारही येतील. बऱ्याच ठिकाणी रविवारी समरी टाइप करणारे कुणी नसते, आणि तो बोजा सोमवारी दिसतो.

रोख पैसे भरणारे, कॅशलेस विम्याचे आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे रुग्ण, असे तीन गट पाडा. तिघांची एकच सरासरी काढली तर उशीर कुठे होतो ते कधीच कळणार नाही. कॅशलेससाठी विमा नियामकाने २०२४ च्या परिपत्रकात इस्पितळाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायला सांगितले आहे. घड्याळ तिथून सुरू होते, हे ध्यानात ठेवा. डॉक्टरांनी दहाला डिस्चार्ज लिहिला आणि कागद दुपारी दोनला पाठवले, तर मधले चार तास इस्पितळाचे, विमा कंपनीचे नव्हेत. सरासरीबरोबर मध्यकही (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या. एखादा रुग्ण पैशांच्या अडचणीमुळे दीड दिवस अडकला तर सरासरी उगाच ताणली जाते.

शिफारशींमध्ये ‘कर्मचारी वाढवावेत’ एवढेच लिहू नका. उद्या कोण घरी जाणार हे संध्याकाळच्या राउंडलाच ठरवणे, समरीचा कच्चा मसुदा आणि औषधांची परतफेड आदल्या रात्री उरकणे, बिल रोजच्या रोज अद्ययावत ठेवणे: एकही नवा माणूस न घेता हे करता येते. काम सुरू करण्यापूर्वी इस्पितळाची लेखी परवानगी घ्या, नैतिकता समितीची संमती लागते का ते महाविद्यालयात विचारा, आणि तक्त्यात रुग्णाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा.

प्रश्न: बी.एस्सी. नर्सिंग, खासगी इस्पितळात आठ वर्षे. नोकरी सोडणे शक्य नाही. दूरशिक्षणाने एमबीए चालेल का, की एम.एस्सी. नर्सिंगच करावे?
— एक परिचारिका, मडगाव

उत्तर: नर्सिंग सुपरिंटेंडेंट किंवा नर्सिंग महाविद्यालयात शिकवणे हे ध्येय असेल तर एम.एस्सी. नर्सिंगच करावे, आणि ते दोन वर्षे पूर्णवेळच करावे लागते. क्वालिटी किंवा ऑपरेशन्सकडे जायचे असेल तर दूरशिक्षणाचे एमबीए चालते. मान्यताप्राप्त दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या आहेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी आणि तुम्ही प्रवेश घेता त्याच सत्रासाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहा. दूरच्या विद्यापीठाची ‘फ्रँचायझी’ म्हणून गावात प्रवेश देणारे केंद्र आणि ‘एका वर्षात एमबीए’ असा फलक, या दोन्हींपासून लांब राहा. फ्रँचायझी देऊन दूरशिक्षण चालवायला आयोगाची परवानगीच नाही.

पदवी होईपर्यंत थांबायचे कारण नाही. तुमच्या वॉर्डातले रुग्ण पडण्याचे प्रकार दरमहा मोजायला आजच लागा: घटना गुणिले १०००, भागिले रुग्णदिवस. औषधांच्या चुका आणि शय्याव्रणांचीही नोंद तशीच ठेवा. एनएबीएच या इस्पितळांच्या दर्जाच्या मानांकनाची तयारी करणाऱ्या इस्पितळाला असे आकडे रोज लागतात, आणि ते नीट ठेवणारी सिस्टर सहज मिळत नाही.

प्रश्न: समाजशास्त्रात बीए केले, चार वर्षे वृद्धाश्रमात काम करत आहे. पुढे अशी संस्था चालवायची आहे. एमएसडब्ल्यू की एमबीए?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर: एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. मुंबईची टाटा संस्था १९३६ मध्ये सुरू झाली तीच समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठी. आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत, इस्पितळात किंवा आश्रमात काम करणे हा या शिक्षणाचा कणा आहे. क्षेत्रकार्याचा पर्यवेक्षक दर आठवड्याला तुमच्यासोबत बसतो का, एवढे विचारून महाविद्यालय निवडा. माणसांबरोबरच्या कामात हीच बैठक सर्वांत मोलाची असते. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगात’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांना मदत केली. निवड, प्रशिक्षण आणि नियमित पर्यवेक्षण यांवर ते काम उभे आहे, आणि या तिन्ही गोष्टी व्यवस्थापनातच मोडतात.

एमएसडब्ल्यूत कमी पडतो तो हिशेबाचा भाग. करसवलतीसाठीची १२ए आणि ८०जी नोंदणी, परदेशी देणगीचे नियम, अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र एखाद्या सनदी लेखापालाकडे बसून शिकून घ्या. त्याआधी २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मूळातून वाचा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींच्या वतीने संमती कोण देऊ शकतो, हा प्रश्न तुमच्या आश्रमात आजही उभा असेल.