अल्बाट्रॉस पंख न हलवता कसा उडतो? आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावावर कधी दिसेल का?

अंबाझरीवर नाही दिसणार. हा खुल्या महासागराचा पक्षी, मुख्यतः दक्षिण गोलार्धातला आणि उत्तर पॅसिफिकमधला. जमिनीवर येतो तो विणीसाठी.

त्याचं उडणं मात्र समजून घ्याच, फार सुंदर आहे. फुटाळा तलावावर भर उन्हात घिरट्या घालणारी घार तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगते. अल्बाट्रॉस वाऱ्यातल्या फरकावर जगतो. लाटांलगत वारा मंद असतो, थोडं वर जोराचा. तो वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो, वळतो आणि वाऱ्यासोबत खाली घसरतो, पंखाचं टोक पाण्याला टेकेल इतका खाली. मग पुन्हा वर. दर फेरीत वेग वाऱ्याकडूनच मिळतो. वाँडरिंग अल्बाट्रॉसचे पसरलेले पंख साडेतीन मीटरपर्यंत भरतात. खांद्यातली एक कंडरा ते कुलपासारखी धरून ठेवते, म्हणून स्नायू थकत नाहीत.

आयुष्यही मोठं. १९५६ मध्ये उत्तर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर पायात ओळखीचं कडं घातलेल्या ‘विस्डम’ नावाच्या मादीने २०२४ मध्येही अंडं घातलं! पण एका विणीत अंडं एकच, त्यामुळे ट्यूना माशांसाठी सोडलेल्या लांब दोरांच्या गळांना अडकून मेलेला प्रत्येक पक्षी भरून यायला वर्षं लागतात.