मशीनच्या फोटोत चेहराभर काळे ठिपके दिसले, म्हणजे वांग एवढं पसरलंय का?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वांगासाठी घणसोलीच्या एका क्लिनिकात गेलात. तिथे मशीनमध्ये चेहरा घालून फोटो काढले. एका फोटोत कपाळापासून हनुवटीपर्यंत काळे ठिपके, खाली ‘२३’ असा आकडा, आणि पाच मिनिटांत आठ सिटिंगचं पॅकेज पुढ्यात. आता विश्वास ठेवायचा की नाही?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, फोटो काढणारा आहे. चौदा वर्षं ठाण्यात जांभळी नाक्याजवळ पासपोर्ट फोटोच्या स्टुडिओत लोकांचे डाग पुसले. गेली सहा वर्षं नौपाड्यात एका स्किनच्या डॉक्टरांकडे तेच डाग उठून दिसतील असे फोटो काढतोय. त्यामुळे डाग कुठला आणि उजेडाची करामत कुठली, एवढं सांगू शकतो.

आधी तो २३. बहुतेक जण घाबरतात ते इथेच. २३ टक्के चेहरा खराब, असा त्याचा अर्थ लावतात. व्हिजियासारख्या मशीनमध्ये तो पर्सेंटाइल असतो. तुमच्या वयाच्या, तुमच्यासारख्या त्वचेच्या शंभर बायका मशीनच्या साठ्यातून घेतल्या, तर त्यातल्या २३ जणींपेक्षा तुमचा निकाल बरा, एवढंच. टक्के नव्हे, वर्गातल्या नंबरासारखं समजा. आणि ‘तुमच्यासारखी त्वचा’ म्हणजे कुठली, ते आमच्याकडे मीच यादीतून निवडतो. एक पायरी इकडेतिकडे झाली की तुलनेचा गटच बदलतो. शिवाय मशीनला डाग म्हणजे आजूबाजूपेक्षा गडद ठिपका. माझ्या गालावरचा जन्मापासूनचा तीळ ते दरवेळी इमानेइतबारे मोजतं. दाढी न करता बसलो तर खुंटांचीही गणती होते.

आता तो भीतीदायक फोटो. तो अल्ट्राव्हायोलेट उजेडातला. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हा उजेड फार शोषून घेतं, म्हणून वरच्या थरात थोडंसं जास्त साठलेलं असलं तरी तिथे काळं दिसतं. आरशात ते दिसत नाही. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या कुठल्याही चेहऱ्याचा हा फोटो असाच येतो. माझ्या डॉक्टरांचा स्वतःचाही तसाच आहे, आणि घाबरलेल्या पेशंटला त्या तो मुद्दाम दाखवतात. तेव्हा ठिपके खोटे नाहीत, पण ते सगळे वांगाचे नाहीत. नाकाच्या बाजूला केशरी-गुलाबी ठिपके चमकत असतील तर ते रंध्रांतल्या जंतूंनी तयार केलेल्या पदार्थाचे. वांगाशी त्यांचा काही संबंध नाही.

या उजेडाला काहीही खपत नाही. टॉवेलचा धागा निळसर पांढरा चमकतो. सनस्क्रीनचा थर राहिला असेल तर तेवढा भाग काळपट येतो. मागे एक बाई आल्या, तोंड दोनदा धुतलेलं. फोटोत केसांच्या कडेला आणि भुवयांत हिरवट पिवळा उजेड! मीही चपापलो. विचारल्यावर कळलं, आदल्या दिवशी भाचीची हळद होती. हळदीतलं कर्क्युमिन असंच चमकतं. परत साबण लावून धुवायला पाठवलं, वीस मिनिटं बसवलं (चोळलेला चेहरा लाल असतो, तोही फोटोत उतरतो) आणि मग फोटो घेतले. तुम्हाला असं कुणी थांबवलं होतं का? आल्या आल्या खुर्चीत बसवून खटाखट फोटो काढले असतील, तर त्या आकड्याला मी फार किंमत देणार नाही.

वांगासाठी मला स्वतःला जास्त कामाचा वाटतो तो क्रॉस-पोलराइज्ड फोटो. फ्लॅशवर एक फिल्टर, लेन्सवर दुसरा, काटकोनात. त्याने त्वचेवरची तेलकट चकाकी निघून जाते आणि खालचा तपकिरी-लाल रंग नीट दिसतो. त्याच रिपोर्टमध्ये तो असेल. रंगाने साधाच दिसतो, म्हणून पॅकेज विकायला कुणी तो पुढे करत नाही.

पण डाग किती खोल आहे आणि मुळात वांगच आहे का, हे माझ्या कॅमेऱ्याला कळत नाही. पूर्वीपासून त्यासाठी वुड्स लॅम्प वापरतात, साधारण ३६५ नॅनोमीटरचा जांभळा दिवा. वरच्या थरातलं वांग त्याखाली आणखी गडद होतं, खोलातलं होत नाही. गोऱ्या कातडीवर हे बरं जमतं, आपल्या सावळ्या रंगावर फरक पुसट होतो. म्हणून आमच्या डॉक्टर डर्मोस्कोपने बघतात. मुठीत मावणारं, दहापट मोठं दाखवणारं ते भिंग गालावर टेकवायचं. तपकिरी दिसलं तर रंग वरच्या थरात, राखाडी-निळसर दिसलं तर खाली. खालचा रंग हटायला फार वेळ लागतो. कपाळाच्या कडेचा काळपटपणा कधी केसांच्या डायमुळे असतो. काही जणींना मेडिकलमधून आणलेल्या गोरेपणाच्या ट्यूबमधल्या स्टेरॉइडने चेहऱ्याची कातडी पातळ आणि लाल झालेली असते, आणि अशा चेहऱ्यावर लेझर मारला तर काळं आणखी वाढू शकतं. गोळ्या कुठल्या चालू आहेत, बाळंतपणात डाग वाढले का, आईला होतं का, हे सगळं तोंडाने विचारावं लागतं. तुमच्या वर्णनात हे विचारणारं कुणीच नाही. पॅकेज पुढे करणारे डॉक्टर होते की काउन्सेलर, हे आधी बघा.

मग मशीनचा उपयोग काय? दुसऱ्या फोटोसाठी. तीन महिन्यांनी तोच चेहरा, तीच हनुवटीची पट्टी, तोच उजेड. जुना फोटो स्क्रीनवर धूसर ठेवून त्यावर चेहरा जुळवायचा, डोळे मिटायला सांगायचे, समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक. वांग इतकं सावकाश फिकटतं की रोज आरशात बघणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘औषधाचा काही फरक नाही’ म्हणत आलेल्या किती तरी जणी दोन फोटो शेजारी बघून गप्प होतात. उलटही होतं, आठ सिटिंगनंतर फोटो जसाच्या तसा. डॉक्टर सोबत मासी नावाचा स्कोअरही लिहितात: कपाळ, दोन गाल, हनुवटी, प्रत्येक ठिकाणी डाग किती पसरलाय, किती गडद, किती सलग. मशीन नसलं तरी तो कागदावर निघतो.

म्हणून तुमच्या फोटोंच्या मूळ फाइली मागून घ्या. पैसे भरलेत, फोटो तुमच्या चेहऱ्याचे आहेत. देत नसतील तर तिथे पुढचं काही करू नका. त्या घेऊन दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. घरी मोबाइलने नोंद ठेवायची असेल तर ब्यूटी मोड बंद करा, रोज एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, गालाशेजारी पांढरा कागद धरून. ट्यूबलाइटखाली नको, त्यात माझाही चेहरा आजारी दिसतो.

आणि तो कागद कोरा हवा हं. एका ताईंनी वहीचं पान धरलं होतं, डॉक्टर डाग बघायचे सोडून वाण्याची यादी वाचत बसल्या.