सायकल कार्बनची, विमा चोवीस लाखांचा

प्रश्न: वय 38, पुण्यात आयटीत नोकरी, हातात महिना 1 लाख 40 हजार. पत्नी कमावती नाही, मुलगी नऊ वर्षांची, आई आमच्याकडेच. घरकर्ज 42 लाख शिल्लक, हप्ता 40 हजार. घरखर्च 60 हजार. स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांच्या शेअरच्या) फंडात एसआयपी 10 हजार. पुढच्या जूनमध्ये ‘टूर डिव्हाइड’ ही कॅनडातून अमेरिकेत जाणारी माउंटन बाइक शर्यत करायची आहे. त्यासाठी 3 लाख 40 हजारांची कार्बन सायकल घेतोय, प्रवासाला वेगळे 2 लाख धरलेत. एजंट म्हणतात पॉलिसीवर कर्ज काढा (20 वर्षांची, हप्ता वर्षाला 1 लाख 20 हजार, सहा भरले, विमा 24 लाख, अपघाती रायडरमुळे, म्हणजे अपघाताच्या जोडविम्यामुळे, 48). दुकानदार म्हणतो नो-कॉस्ट ईएमआय घ्या. कोणतं बरं? दोन कंपन्यांनी प्रायोजकत्वात रस दाखवलाय, आणि परत आल्यावर सायकल 80 टक्के किमतीला जाईल. फंडात 2 लाख 60 हजार, बचत खात्यात 90 हजार आहेत. दुसरा विमा नाही. सामानाची यादी जोडली आहे.

उत्तर: दोन्ही नको. सायकलवर नंतर येतो.

तुमची यादी बघितली. प्रत्येक वस्तूपुढे ग्रॅम लिहिलेत. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये मैलोन्‌मैल पाणी नाही म्हणून जास्तीची बाटली, पाण्याचा फिल्टर, जादा डिरेलर हँगर, ब्रेक पॅड, टायरचे प्लग, बर्फ लागलं तर जाड हातमोजे. अस्वलाचा स्प्रे विमानात नेता येत नाही, तो शर्यत सुरू होते त्या कॅनडातल्या बॅन्फमध्ये घ्यायचा, हेही टिपलंय. इतका विचार करणारा माणूस 42 लाखांचं कर्ज आणि कमावतं कोणी नसलेलं घर मागे ठेवून 24 लाखांच्या विम्यावर निघतो, हे मला समजलं नाही.

हिशेब करू. तुमचं काही बरंवाईट झालं, तर 24 लाख आणि आजवरचा बोनस साधारण 6, असे 30 लाख. त्यातून एजंटच्या सल्ल्याने काढलेलं 3 लाख 40 हजारांचं कर्ज वजा. राहिले साडेसव्वीस. बँकेचे 42. म्हणजे वहिनींच्या वाट्याला घर आणि पंधरा-सोळा लाखांचं देणं. महिन्याचा घरखर्च अजून यात धरलेला नाही.

आणि ते 48 लाख विसरा. रायडरचं पत्रक काढा आणि वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. बहुतेक अपघाती रायडरमध्ये गिर्यारोहण, धोक्याचे खेळ आणि ‘कोणत्याही प्रकारची शर्यत’ तिथे असते. तुम्ही शर्यतीलाच चाललात. एजंटला हे माहीत नसेल तर त्याने विमा विकू नये. माहीत असेल तर मग बोलायलाच नको.

तेव्हा पहिलं काम टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा), दीड कोटीचा, साठीपर्यंत. धूम्रपान नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस-पंचवीस हजार. अर्जात धोक्याच्या छंदांबद्दल प्रश्न असतो. तिथे शर्यतीचं नाव, अंतर, देश, सगळं स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढवतील, वाढवू द्या. लपवलंत आणि पहिल्या तीन वर्षांत दावा आला, तर कंपनी पहिल्यांदा तेच उकरून काढेल. बिनपगारी रजेत कंपनीचा ग्रुप विमा चालू राहतो का, हेही एचआरकडून लेखी घ्या.

आता ती पॉलिसी. घ्यायला नको होती: वीस वर्षांत 24 लाख भरून 44 लाखांच्या आसपास मिळतील, म्हणजे साडेपाच टक्के. पण रागाच्या भरात मोडू नका. सुरुवातीच्या वर्षांचा भुर्दंड तुम्ही भरून बसलात. आज हप्ते थांबवून ती पेड-अप केली, तर मुदतीअंती 13 लाख मिळतील. चालू ठेवली तर 44. वरचे 31 लाख मिळवायला अजून 16 लाख 80 हजार भरायचे. बोनस असाच राहिला तर या पुढच्या पैशांवर साडेसात टक्क्यांच्या वर सुटतात. तेवढे ठीक आहेत. फक्त तिला विमा म्हणू नका, आणि स्वतःचेच पैसे नऊ-दहा टक्क्यांनी उसने घेऊ नका.

सायकल. ‘नो-कॉस्ट’मध्ये प्रोसेसिंग शुल्क असतं, व्याजावरचा जीएसटी असतो, आणि रोखीला मिळाली असती ती सूट गेलेली असते. 80 टक्क्यांचं तर सोडूनच द्या. बॅन्फ ते न्यू मेक्सिकोतलं अँटिलोप वेल्स, सुमारे 4,300 किलोमीटर, वाटेत पाऊस पडला तर न्यू मेक्सिकोतला चिकट चिखल. एवढं झाल्यावर चेन, कॅसेट (मागची गिअरचक्रं), बेअरिंग, सस्पेन्शन, सगळं उरकलेलं असेल, आणि वापरलेली कार्बन फ्रेम घेताना गिऱ्हाईक आधी तडे शोधतं. निम्मी किंमत आली तरी नशीब समजा. प्रायोजकांचं म्हणाल, तर या शर्यतीला प्रवेश फी नाही आणि बक्षीसही नाही. ‘रस दाखवला’ ही रक्कम नव्हे. खात्यात आले की धरू.

खरा खर्च असा. बॅन्फसाठी कॅलगरीला जाणं आणि शर्यत संपल्यावर एल पासोहून परतणं, सायकलसह, 1 लाख 60 हजार. दोन देशांचे व्हिसा, 30 हजार. चार आठवडे खाणं आणि अधूनमधून मोटेल, 1 लाख 70 हजार. बॅगा, झोपण्याचं सामान, असलेल्या सायकलला चांगली चाकं, 1 लाख. प्रवास विमा आणि ट्रॅकर, 40 हजार. शर्यत अर्धवट सोडून परतावं लागलं तर, 50 हजार. झाले साडेपाच. सहा आठवड्यांतला एक महिना बिनपगारी जाईल, तो 1 लाख 40 हजार तुम्ही धरलाच नव्हता. म्हणजे 7 लाख, आणि यात नवी सायकल नाही.

पुढचा जून जमणार नाही. त्याच्या पुढचाही ओढाताणीचा. दोन वर्षं द्या. आज महिन्याला 20 हजार उरतात. टर्म विमा आणि घरच्यांचा स्वतंत्र आरोग्य विमा यांत चारेक जातील. स्मॉलकॅपची एसआयपी थांबवा. दोन वर्षांनी लागणारे पैसे तिथे ठेवायचे नसतात, अठरा टक्क्यांची स्वप्नं कोणी कितीही दाखवो. आहेत ते 2 लाख 60 हजारही काढून एफडीत टाका. महिना 26 हजारांची आरडी, दोन वर्षांत सव्वासहा लाख. सगळं मिळून पावणेदहा. शर्यतीचे 7 गेले की पावणेतीन उरतील, अडीच महिन्यांचा घरचा खर्च आणि हप्ता. कमीच आहेत, पण आजच्या 90 हजारांपेक्षा बरे.

तोवर आहे ती अॅल्युमिनियमची सायकल घेऊन मनाली ते लेह एकट्याने, सगळं सामान लादून करा. इंडियाना पास, या मार्गावरचा सर्वांत उंच, 3,630 मीटरचा आहे. लेहच्या रस्त्यावरचे घाट त्याहून उंच. यादीतलं काय लागतं आणि काय उगाच वाहतोय, ते तिथे कळेल.

प्रवास विमा घेताना ‘शर्यतीत भाग घेताना झालेली दुखापत चालेल का’ एवढंच विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. साध्या पॉलिसीत ती सहसा बसत नाही, आणि अमेरिकेतलं रुग्णालयाचं बिल घरकर्जाच्या आकड्यात जाऊ शकतं. उपग्रहावर संदेश पाठवणारा ट्रॅकर तिकडेच भाड्याने घ्या आणि तिकडेच परत करा. आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगता येत नाही, विमानतळावर अडवतात.