तो भात, ती भाजी, ते वरण

प्रश्न : मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यमात. यंदा तिसरी भाषा म्हणून जर्मन घेतलंय. शब्द पाठ होतात, पण डेर, डी, डासमध्ये मार्क जातात. 'टेबल पुल्लिंगी का?' असं विचारून मलाच भंडावते. मला जर्मनमधलं ओ की ठो कळत नाही. घरी अभ्यास कसा घेऊ?
– एक आई, कोथरूड

ताई, आज जेवताना तिलाच विचारा : भात 'तो', भाजी 'ती' आणि वरण 'ते' का? नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी हाच प्रश्न टाकते. मुलं डोकं खाजवतात, मग कुणीतरी म्हणतं, "मिस, ते तसंच असतं!" झालं, टेबलाचंही तसंच. इंग्रजीचा 'द' सगळ्यांना पुरतो; जर्मनमध्ये त्या जागी पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकाला डास ही आर्टिकलं लागतात. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. आपल्याकडे मात्र तिन्ही आहेत. फक्त जोड्या जुळतील अशी आशा धरू नका. पुस्तक दोन्हीकडे नपुंसक, डास बूख. पण दार डी ट्यूर, खिडकी डास फेन्स्टर, आणि सूर्य चक्क बाई, डी झोने!

तिच्या वहीत 'टिश = टेबल' असं असेल तर खोडायला लावा. 'डेर टिश' हा एकच शब्द समजायचा. हे मी ठेच खाऊन शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी हौसेने नुसत्या शब्दांची यादी पाठ करून घेतली, आणि दिवाळीनंतर आर्टिकल जोडायला बसले तर सगळा वर्ग शून्यावर. पुढे कर्म आलं की 'डेर'चं 'डेन' होतं, 'डी' आणि 'डास' तसेच राहतात. म्हणजे मूळ आर्टिकलच चुकलं तर पुढचं वाक्यही गेलं.

जर्मन न येता तुम्ही घेऊ शकाल असा अभ्यास स्वयंपाकघरात आहे. चमचा डेर ल्योफेल, काटा डी गाबेल, सुरी डास मेसर : एकाच खणात तिन्ही लिंगं. डेरला निळा, डीला लाल, डासला हिरवा कागद तिच्याकडूनच चिकटवून घ्या. वस्तू हातात देताना तिने आर्टिकलसकट नाव घ्यायचं, तुम्ही फक्त रंग बघायचा. आठवड्याला दहा वस्तू पुरेत.

एका शब्दावर ती नक्की चिडेल : मुलगी म्हणजे 'डास मेडशेन', नपुंसक! माझ्या वर्गातल्या मुली दरवर्षी चिडतात. शेवटी '-शेन' लागलं की वस्तू लहान होते आणि नपुंसकही. आपलं वासरू, कोकरू, लेकरू आठवा. एकदा एक मालवणची मुलगी म्हणाली, "आजी मला 'ता चेडू' म्हणते, मला काय नवल नाय!" (मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, आणि 'ता' म्हणजे 'ते'.) त्या दिवशी मला पुढे काही शिकवावंच लागलं नाही.

प्रश्न : मुलगा जर्मनच्या श्रुतलेखनात २५ सांगितलं की ५२ लिहितो. लक्ष नाही की काय?
– एक वडील, नाशिक

लक्ष आहे, त्याच्या डोक्यात 'ट्वेंटी फाइव्ह' आहे. जर्मन २५ म्हणजे 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. पाच ऐकताच तो ५ लिहून मोकळा होतो. त्याला मराठीत 'पंचवीस' म्हणायला लावा. आपणही पाच आधीच म्हणतो. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला! जर्मनपुरतं म्हणाल तर मी जुन्या 'एकवीस'च्या बाजूने.) आणि आकडा पूर्ण ऐकेपर्यंत पेन खाली. फक्त एकोणतीस, एकोणचाळीसला सांभाळा : आपण पुढच्या दहाईकडे बघतो, जर्मन माणूस मागच्याच दहाईत 'नऊ आणि वीस' म्हणत बसतो.