बऱ्या दिवशीच जपायचं

आठ तास झोपूनही अंग आंबलेलंच, हे तू म्हणालीस आणि मला माझी बोरिवली-चर्चगेटची वर्षं आठवली. आधी रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. त्यात काही निघालं तर सुटलीस, त्यावर औषध आहे. सगळं नॉर्मल येऊनही थकवा ६ महिन्यांवर टिकला, तर तो क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा आजार असू शकतो; मग कामानंतर दमणूक लगेच येते की उशिरा, ते बघ.

माझी उशिरा यायची. रविवारी दादरला भाजी घेतली, पूल चढले, हसतखेळत घरी आले. मंगळवारी कुकरचं झाकण लावायलाही हातात जोर नव्हता. ही उधारीची दमणूक म्हणजे या आजाराची मोठी खूण, डॉक्टरांना मुद्दाम सांग.

म्हणून बऱ्या दिवशी सगळं उरकायला जाऊ नकोस. मी पोळ्या स्टुलावर बसून लाटते आणि दमायच्या आधीच दहा मिनिटं आडवी होते. सासूबाईंना नखरे वाटले, वाटू देत. ‘रोज चालणं वाढवत ने’ असं कोणी म्हणालं तर सांग, उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने या आजारासाठीचा तो सल्ला २०२१ मध्ये मागे घेतलाय. आणि गर्दीची लोकल खुशाल सोड. बसायला मिळेल तीच पकड.